सलाम रोमनमध्ये, शिवी देवनागरीत

मागच्या बकरी ईदला माझ्या मोबाईलवर २४३ शुभेच्छा आल्या. पेपर तपासण्याची जुनी सवय. मी त्या मोजल्या आणि त्यांचे गठ्ठे केले. फुलांची, मीनारांची, चंद्रकोरीची तयार चित्रे बाजूला काढली. जे शब्दांत लिहिलेले उरले, ते जवळजवळ सगळे रोमन लिपीत होते. देवनागरी मराठीत अवघे ११. त्या ११ पैकी ९ माझ्या हिंदू सहकाऱ्यांचे आणि जुन्या विद्यार्थ्यांचे. उरलेले दोन आपल्या माणसांचे: एक गावाकडच्या मावसभावाचा, दुसरा आमच्या खारीत शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या एका चाचांचा, ज्यांची शाळा सातवीला सुटली.

त्याच आठवड्यात फेसबुकवर एका मराठी बातमीखाली कुर्बानीवरून जुंपलेली वाचली. तिथे मात्र सगळीकडे देवनागरी होती. आपल्याला ‘बाहेरचे’ म्हणणारी वाक्ये होती, ‘लाडावून ठेवलेले’ म्हणणारी होती, आईबहिणीवरून जाणारी होती. त्यांतल्या कित्येकांचे ऱ्हस्वदीर्घ अचूक. ‘त्यांच्याविरुद्ध’ या शब्दातला र्‍हस्व उकार आणि जोडाक्षर दोन्ही शाबूत. मराठीची शिक्षिका म्हणून आयुष्य काढलेल्या मला कळेना की भाषेचे कौतुक करावे की डोळे मिटून घ्यावेत. त्या शंभरएक प्रतिक्रियांत आपल्यापैकी तिघे आले होते. तिघांनी रोमनमध्ये एकेक ओळ लिहिली आणि निघून गेले. त्यांच्या ओळी कुणी वाचल्या असतील असे मला वाटत नाही.

सलाम रोमनमध्ये आणि शिवी देवनागरीत, अशी ही वाटणी झाली आहे. ती कुणी एकट्याने केलेली नाही. मराठी संकेतस्थळांनी थोडी केली, बाजाराने थोडी केली आणि सगळ्यात मोठा वाटा आपला आहे. या लेखात मी तिघांशीही भांडणार आहे. आपल्याशी जरा जास्त, कारण घरच्यांशी भांडण्याचा हक्क आधी असतो.

प्रथम मराठी संकेतस्थळांविषयी. त्यांचे ऋण न मानता टीका करणे बेइमानी ठरेल. १९९६ साली परदेशातल्या मराठी माणसांनी ‘मायबोली’ सुरू केली, तेव्हा संगणकावर मराठी उमटवणे हीच एक कसरत होती. २००४ मध्ये ‘मनोगत’ आले, २००७ मध्ये ‘उपक्रम’ आणि ‘मिसळपाव’, २०११ मध्ये ‘ऐसी अक्षरे’. ही काही फेसबुकसारखी जगाची जत्रा नव्हती. ही छोटी गावे होती. सदस्य काही हजार, रोज लिहिणारे त्याहून फार कमी, पण ते लिहीत. एखादी गृहिणी पाककृती टाकता टाकता आजोळच्या आठवणी लिहू लागे. एखादा अभियंता गडकोटांवर लिहू लागे. ज्यांना कुठल्या संपादकाने कधी दारात उभे केले नसते, अशा माणसांनी तिथे पाने भरली आणि लगेच खाली वाचकांचे बोल मिळवले.

या गावांची स्वतःची बोलीही तयार झाली. नव्याने येणाऱ्याला ती परकी वाटे. ‘व्यनि’ म्हणजे व्यक्तिगत निरोप. ‘खव’ म्हणजे खरडवही. ‘पुलेशु’ म्हणजे पुढील लेखनास शुभेच्छा, ‘पुभाप्र’ म्हणजे पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. चर्चेला ‘धागा’, ती पेटवणाऱ्याने टाकली ती ‘काडी’, उगाच रोज काहीतरी लिहून टाकले की त्याने ‘जिलबी’ पाडली, दुसऱ्या नावाने येऊन स्वतःचीच पाठ थोपटली की तो ‘डू आयडी’. ‘ह. घ्या.’ म्हटले की हलके घ्यायचे. हसण्यासारखे आहे, पण यात एक मोठी गोष्ट दडलेली आहे. माणसे रोज एका भाषेत लिहू लागली की ती भाषा त्यांच्यासाठी नवे शब्द प्रसवते. ‘पुलेशु’ हा शब्द लिहिणाऱ्यांच्या वस्तीत जन्मतो. तो जन्मायला आधी कुणीतरी काही लिहिलेले असावे लागते, आणि कुणीतरी पुढच्याची वाट पाहत असावे लागते.

आता तक्रार. या गावांत मी दहा-बारा वर्षे येत-जात राहिले. आपला माणूस तिथे मला दोनच रूपांत भेटला. एक, ईदला शीरखुर्मा पाठवणारी शेजारची भाभी. पाककृतीच्या वर दोन ओळींत ती येते, प्रेमळ असते, तिला आडनाव नसते आणि कृती सुरू झाली की ती नाहीशी होते. दुसरे, चर्चेचा विषय. ‘मुस्लिम समाजाने असे का करावे?’ या प्रश्नाखाली दोनशे प्रतिसाद, आणि त्या दोनशेंत एकही उत्तर ज्याला प्रश्न विचारला त्याचे नाही. धागा काढणारा, घराचा यजमान, अशा रूपात आपला माणूस माझ्या पाहण्यात क्वचित आला. आला तरी टोपणनावाने आला आणि त्याने आपला धर्म कळू दिला नाही.

मी स्वतः एकदा एका संकेतस्थळावर खऱ्या नावाने लिहिले. लेख होता आमच्या खारीच्या परिसरातल्या मिठागरांवर. पहिलाच प्रतिसाद: “तुमचे मराठी किती छान आहे हो!” दुसरा: “मराठी कुठे शिकलात?” तिसऱ्याने हलाल मांसावर माझे मत विचारले. मीठ कुणालाच नको होते. माझे मराठी छान असणारच, मी त्यावर पोट भरते. कोकणात जिथे माझ्या पाच-सहा पिढ्या दफन आहेत, तिथली माती दुसरी कुठली भाषा बोलते? ज्या भाषेत शेख महंमदांनी सतराव्या शतकात ‘योगसंग्राम’ लिहिला, जिच्यात सगनभाऊंनी लावण्या रचल्या, जिच्यासाठी शाहीर अमर शेखांनी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गळा फाडला, ती मी ‘कुठे शिकले’ हा प्रश्न विचारणारा चांगल्या मनाने विचारतो हे मला ठाऊक आहे. म्हणूनच तो जास्त लागतो. शिवी देणाऱ्याला उत्तर देता येते. कौतुक करून परके ठरवणाऱ्याला काय सांगावे?

शुद्धतेचा सोसही तसाच. इंटरनेटवरच्या मराठीने स्वतःची परिभाषा घडवली ती चांगली केली. पण ‘हा फारसी शब्द, तो अरबी शब्द, त्याला आपला प्रतिशब्द द्या’ असा पहारा काही जण सतत देत असतात. राज्यव्यवहारकोशापासून सावरकरांच्या भाषाशुद्धीपर्यंत हा वाद जुना आहे. माधवराव पटवर्धनांसारखा माणूस, ज्याने १९२५ मध्ये ‘फार्शी-मराठी कोश’ सिद्ध केला, तोही पुढे शुद्धीच्या बाजूला गेला. तरी भाषेने काय केले पाहा. ज्या पानावर हे पहारेकरी लिहितात, त्या पानावरच्या लिखाणाला ते ‘मजकूर’ म्हणतात. मजकूर अरबी. वर ‘तारीख’ असते, तीही अरबी. लेख उचलून दुसरीकडे चिकटवला तर तो ‘नक्कल’. आणि एका पानावरून दुसऱ्या पानावर नेणाऱ्या खुणेला तिथे ‘दुवा’ म्हणतात. ‘दुवा द्या’ असे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला माझी दादी आठवली. तिच्या तोंडी या शब्दाचा अर्थ निराळा होता, मुळेही निराळी असतील. पण तिच्या डोक्यावरच्या हातानेही दोन माणसेच जोडली जात होती.

मराठी संकेतस्थळवाल्यांना माझे एवढेच म्हणणे: तुमच्या गावात वेशीवर पाटी नाही हे खरे, पण येणाऱ्याला पहिल्याच दिवशी ओळखपत्र मागितले जाते. मिठावर लिहिणाऱ्याशी मिठावर बोला.

आता दुसरीकडे वळू. मराठीत मन रमत नाही तर आपल्यासाठी वेगळी संकेतस्थळे हवीत, असे म्हणणारे आपल्यात पुष्कळ होते. जगात तसे प्रयोग झाले. २००६ मध्ये फिनलंडमधून ‘मक्सलिम’ नावाचे मुस्लिमांसाठीचे नेटवर्क निघाले. मे २०१० मध्ये व्यंगचित्रांच्या वादावरून पाकिस्तानात फेसबुकवर बंदी आली, तेव्हा लाहोरच्या तरुणांनी ‘मिल्लत फेसबुक’ काढले. दोन्हींचा सुरुवातीला गाजावाजा झाला आणि दोन्ही टिकली नाहीत. का टिकली नाहीत याचा हिशोब पैशाचाही असेल. पण वाचणारी म्हणून मला एक कारण दिसते. श्रद्धा समान असली म्हणजे बोलण्याचा विषय समान असतो असे नाही. चिपळूणच्या माणसाला हेलसिंकीच्या माणसाशी सलाम झाल्यावर काय बोलायचे असते? त्याला बोलायचे असते फेरीबोटीबद्दल, आंब्याच्या मोहोराबद्दल, आखातात गेलेल्या मुलाबद्दल, गावच्या जमातीतल्या तंट्याबद्दल. ते बोलणे ज्या भाषेत होते ती भाषा त्या संकेतस्थळावर नव्हती. इंग्रजीत आपण फक्त ‘मुस्लिम’ उरतो. मराठीत आपण कुणाचे तरी शेजारी, गाववाले, शाळासोबती, कुळ आणि सावकारसुद्धा असतो.

मग ऑर्कुट. २००४ च्या जानेवारीत गुगलने ते सुरू केले आणि हिंदुस्थानातली एक अख्खी पिढी त्यावर गेली. भाईंदर पूर्वेला सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून मुले एकमेकांना ‘स्क्रॅप’ लिहीत. गावांच्या कम्युनिट्या होत्या, कोकणी मुसलमानांच्या होत्या, दखनी बोलीच्या थट्टेच्या होत्या. मी त्यांतल्या काहींत होते. तिथे मी पहिल्यांदा आमची घरातली बोली लिहिलेली पाहिली, जी कुठल्या पुस्तकात नाही. म्हणी होत्या, लग्नातली गाणी होती, माशांची नावे होती. सगळे रोमनमध्ये, वेडेवाकडे, पण होते. ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट बंद झाले. माझ्या ओळखीच्यांपैकी कुणीही त्यातले काही उतरवून ठेवले नाही. एका बोलीचा दहा वर्षांचा जमाखर्च भाड्याच्या घरात ठेवला होता; घरमालकाने घर पाडले.

आज आपण कुठे आहोत? व्हॉट्सअॅपवर. खानदानाचा ग्रुप, जमातीचा ग्रुप, इमारतीचा ग्रुप, शाळेच्या बॅचचा ग्रुप. आणि तिथे आपण काय लिहितो? मी खरे सांगते, आपण लिहीतच नाही. आपण पुढे ढकलतो. सकाळी सलामाचे चित्र. दुपारी एका मौलानांचा व्हिडिओ, जो आपण पूर्ण पाहिलेला नसतो. संध्याकाळी रक्त हवे असल्याचा निरोप, जो कधीचा असतो कुणास ठाऊक. रात्री एखाद्या अत्याचाराची फीत, जी कुठल्या देशातली हे पाठवणाऱ्याला माहीत नसते. मध्येमध्ये जे स्वतःचे म्हणून लिहिले जाते ते तीन-चार इंग्रजी अक्षरांत आटोपते. जझाकल्लाहची तीन अक्षरे, इन्शाअल्लाहची दोन. एखाद्याचा बाप गेला तरी इन्ना लिल्लाहची आद्याक्षरे टाकून आपण पुढच्या ग्रुपला जातो. ज्या घरात मयतीला चाळीस दिवस माणसे येऊन बसत, त्या घराला आपण पाच अक्षरे देतो.

मराठी संकेतस्थळांवरही आद्याक्षरांचे शब्द आहेत हे मी वर सांगितलेच. फरक असा की त्यांची आद्याक्षरे काही वाचल्यानंतर येतात, आपली काही न वाचता.

आणि लक्षात घ्या, आपण कोण आहोत. हदीस स्वीकारण्यापूर्वी ती कुणी कुणाकडून ऐकली, तो माणूस खरा होता की नाही, त्याची स्मरणशक्ती कशी होती, ज्याच्याकडून ऐकली म्हणतो त्याला तो भेटला तरी होता का, याची साखळी तपासणारे शास्त्र आपल्या बुजुर्गांनी उभे केले. तिला सनद म्हणतात. सांगणाऱ्यांच्या चरित्रांचे खंडच्या खंड लिहिले गेले. कुणीतरी खबर आणली तर आधी तिची शहानिशा करा, असा हुकूम सूरह हुजुरातमध्ये आहे. त्या परंपरेचे वारस आज ‘जसे आले तसे पाठवले’ लिहून मोकळे होतात. याहून मोठी शोकांतिका मला दिसत नाही.

अफवेचा बळी कोण हे धर्म पाहून ठरत नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत फिरणारे गरीब लोक होते. मोबाईलवरच्या अफवांनी तो जमाव तयार केला होता. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक निरोप एकावेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल असा निर्बंध घातला. म्हणजे आपली जीभ आवरायला कंपनीला मोजमाप लावावे लागले.

इथे वाचक मला अडवतील. त्यांचे तीन आक्षेप मला तोंडपाठ आहेत.

पहिला आक्षेप: मोबाईलवर मराठी लिहिणे अवघड आहे. २००५ साली हे खरे होते. एकाचा फॉन्ट दुसऱ्याच्या संगणकावर चौकोन होऊन दिसे. मग युनिकोड रुजले, ‘गमभन’सारखी साधने आली, गुगलने रोमन कळफलकावरून देवनागरी उमटवायची सोय दिली. आज मोबाईलपुढे बोलले तरी मराठी उमटते. सातवी शिकलेले मशीनवाले चाचा देवनागरीत शुभेच्छा लिहितात. इंजिनिअर भाच्याला जमत नाही. हा आक्षेप बाद.

दुसरा आक्षेप: आपली जबान उर्दू आहे. उर्दूला माझा सलाम आहे. ज्यांच्या घरात उर्दू आहे त्यांनी ती जरूर लिहावी. पण मग ती उर्दूच्या लिपीत लिहा ना! माझ्या ग्रुपांमध्ये मी उजवीकडून डावीकडे लिहिलेली ओळ वर्षाकाठी चार वेळा पाहते. रोमनमध्ये लिहून आपण उर्दूची खिदमत करत नाही आणि मराठीचीही नाही. आपण दोन्ही बहिणींना घराबाहेर बसवून तिसरीलाच पाहुणचार करतो. शिवाय ती तिसरी आपले शब्द नीट धरतही नाही. डी, ए, आर ही तीन अक्षरे लिहिली की वाचणाऱ्याने ती ‘दर’ वाचावीत, ‘दार’ वाचावीत की ‘डर’? आपल्या समाजाला आज दाराची गरज आहे आणि मनात डर आहे. दोन्ही एकाच स्पेलिंगमध्ये लिहिणे आपल्याला परवडणारे नाही.

तिसरा आक्षेप या दोहोंमागे लपलेला आहे आणि तोच खरा आहे: भीती. उघड, मराठीत, नावानिशी लिहिले तर उद्या कोण दारात येईल? या भीतीची मी चेष्टा करणार नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या म्हणून एका मुलीला आणि ते ‘लाईक’ केले म्हणून दुसरीला पालघरमध्ये अटक झाली. आमच्या पश्चिम रेल्वेच्याच मार्गावरचे हे गाव. ज्या ६६-अ कलमाचा तेव्हा आधार घेतला गेला ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला घटनाबाह्य ठरवले, पण रात्रीची धास्ती निकालाने पुसली जात नाही. जुलै २०२१ मध्ये आणि पुन्हा १ जानेवारी २०२२ ला, लिहित्या-बोलत्या मुस्लिम स्त्रियांचे फोटो इंटरनेटवर ‘लिलावाला’ मांडले गेले. त्या स्त्रियांचा गुन्हा एवढाच की त्या स्वतःच्या नावाने बोलत होत्या. माझ्या विद्यार्थिनींना मी कुठल्या तोंडाने सांगू की फोटो लावा आणि लिहा?

म्हणून टोपणनावाला माझा विरोध नाही. टोपणनाव म्हणजे तखल्लुस, आणि तखल्लुस आपल्याच घरची चीज आहे. पण तखल्लुस वेगळा आणि मुखवटा वेगळा. तखल्लुस घेणारा आयुष्यभर त्याच नावाने लिहितो, त्या नावाची अब्रू सांभाळतो, चुकला तर त्याच नावाने माफी मागतो. अमर शेखांचे जन्मनाव मेहबूब होते. नाव बदलून ते लपले नाहीत, मैदानात उभे राहिले. मुखवटा घालणारा मात्र आज एका नावाने बोलतो, उद्या दुसऱ्याने. मुलींनो, तखल्लुस घ्या, फोटो लावू नका, पण ‘मी मुस्लिम घरातली आहे आणि मला हे असे दिसते’ हे लिहा. घराचा पत्ता देऊ नका, नजरेचा पत्ता द्या.

भीतीबद्दल अजून एक गोष्ट सांगायची आहे. ती सांगताना हात जड होतो. २ जून २०१४ च्या रात्री पुण्यात हडपसरला मोहसीन शेख या सोलापूरच्या तरुणाला जमावाने मारले. शिवाजी महाराज आणि बाळासाहेब ठाकरे यांची विटंबना करणारी चित्रे फेसबुकवर फिरली होती, त्यावरून शहर पेटले होते. त्या चित्रांशी मोहसीनचा काडीचा संबंध नव्हता. तो नमाज पढून, मित्राबरोबर परतत होता. त्याची दाढी-टोपी एवढीच त्याची ओळख ठरली. २०२३ च्या जानेवारीत त्या खटल्यातले आरोपी निर्दोष सुटले. मी हे कुणाचे रक्त खवळावे म्हणून लिहीत नाही. मी एवढेच विचारते: मोहसीनने काय लिहिले होते? काहीही नाही. गप्प राहण्याने आपण वाचतो हा आपला हिशोब त्या रात्रीच चुकला होता. ज्यांनी त्याला मारले त्यांनी आयुष्यात एका तरी मुस्लिम माणसाचे साधे मराठी पान वाचले असेल का? आईच्या गुडघेदुखीवरचे, लोकलच्या गर्दीवरचे, पगार लांबल्याचे? त्याने त्यांचे हात थांबले असते असे मी म्हणणार नाही. एवढे भोळेपण या वयात उरलेले नाही. पण मराठीत आपल्याविषयी जे काही लिहिलेले सापडते ते सगळे दुसऱ्यांच्या हातचे असेल, तर उद्या जो पोरगा शोधायला बसेल त्याला आपण कसे सापडणार?

आता खारीतली एक गोष्ट सांगते आणि मग थांबते.

आमचे खारी भाईंदर पूर्वेला. गाव आगरी-कोळी आणि ख्रिस्ती माणसांचे, भोवती मिठागरे. ९२-९३ च्या दंगलीनंतर मुंबईतून कितीतरी मुस्लिम कुटुंबे मीरा रोड, मुंब्र्याकडे सरकली, त्यांतले आमचे एक. बहुतेक जण नयानगरला गेले. आम्हाला खारीत जागा परवडली. २१ जानेवारी २०२४ च्या रात्री नयानगरमध्ये वाद झाला आणि नंतरचे दोन-तीन दिवस मीरा-भाईंदरमध्ये तणाव होता. त्या दिवसांत माझ्या सगळ्या ग्रुपांवर फितींचा पूर आला. कोणती आजची, कोणती जुनी, कोणती दुसऱ्याच शहरातली, काही कळत नव्हते. आमच्या इमारतीच्या ग्रुपवर हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती सगळे आहेत. तिथे तर कुणी काही बोलतच नव्हते, फक्त फिती येऊन पडत होत्या. रात्री दहाच्या सुमारास तळमजल्यावरच्या एका मुलाने, जो कुरिअर पोचवतो आणि एरवी कधी काही लिहीत नाही, देवनागरीत चार वाक्ये लिहिली: “मी आत्ता स्टेशनवरून चालत खारीत आलो. या रस्त्यावर काही नाही. पलीकडचे मला माहीत नाही. कुणाला औषध वगैरे हवे असेल तर मी जागा आहे.”

मी ती वाक्ये चार-पाच वेळा वाचली. कोण सांगतोय, केव्हाचे, कुठले, स्वतः पाहिले की ऐकले, आणि कुठपर्यंत माहीत नाही. सगळे त्यात होते. जुन्या मुहद्दिसांनी ती रिवायत सहीह म्हणून घेतली असती. दहा मिनिटांत तिसऱ्या मजल्यावरच्या म्हात्रे काकूंनी लिहिले की बाळासाठी तापाचे औषध हवे आहे. मुलगा जाऊन घेऊन आला. त्या रात्री आमच्या इमारतीत पुन्हा एकही फीत आली नाही. कुणी बंदी घातली नव्हती. खरे वाक्य समोर आल्यावर बाकीच्यांना लाज वाटली असावी.

त्यानंतर आमच्या खानदानाच्या ग्रुपवर मी एक नियम मागून घेतला. पुढे ढकललेला कुठलाही निरोप टाकायचा असेल तर त्याखाली चार ओळी स्वतःच्या, आपल्या लिपीत लिहायच्या: हे मी का पाठवतोय आणि मला याबद्दल काय माहीत आहे. पहिल्या महिन्यात मामू रागावून ग्रुप सोडून गेले. ढकललेले निरोप निम्म्याहून कमी झाले. दुसऱ्या महिन्यात मामू परतले. आणि एक दिवस माझ्या साठी उलटलेल्या भाबींनी, ज्यांनी जन्मात पत्राशिवाय काही लिहिले नव्हते, ९३ साली मुंबईतली खोली सोडतानाचा दिवस लिहिला. काय घेतले, काय राहिले, शेजारच्या शिंदेबाईंनी पाण्याचा पिंप कसा सांभाळून ठेवला आणि पुढे वर्षभराने तो टेम्पोत घालून कसा खारीत आणून दिला. भाषा आमची, कोकणी वळणाची. ऱ्हस्वदीर्घ सगळे चुकलेले. मी लाल पेन हातात घेतले नाही.

संकेतस्थळे येतील आणि जातील. ऑर्कुट गेले, तसे आजचेही जाईल. म्हणून जे लिहाल ते वहीत उतरवा, गावच्या अंकाला द्या, अशा वार्षिकांकडे पाठवा. मराठी संकेतस्थळांवर जा; कुणी “छान मराठी” म्हणाले तर आभार मानून पुढचा लेख टाका. १९९० मध्ये सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा आपल्या लेखकांनी या भाषेवर आपला दावा उभ्या सभेत मांडला. तो दावा आता रोज, खिशातल्या फोनवर, साध्या माणसाने मांडायचा आहे. साहित्यिक नसलेल्याने. कुरिअरवाल्याने, मशीनवाल्याने, भाबीने.

येत्या ईदला मी पुन्हा शुभेच्छा मोजणार आहे. गेल्या खेपेला दोन होत्या. निदान तुमची तरी मला वाचता येईल अशी पाठवा. आणि खाली दोन ओळी स्वतःच्या लिहा, की यंदा घरी कोण आले होते आणि कोण आले नाही.